पुन्हा सुरू झालेले एट्रियल फिब्रिलेशन : दुसऱ्या अ‍ॅब्लेशनसाठी नवे तंत्र घ्यावे का?

प्रश्न : दारव्ह्याकडचा शेतकरी

नमस्कार. माझे बाबा ६३ वर्षांचे आहेत. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावी आमची कोरडवाहू शेती आहे. बाबांना रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत, पण गेल्या हंगामापर्यंत ते कपाशीच्या फवारणीपासून तुरीच्या सोंगणीपर्यंत प्रत्येक कामात स्वतः उभे असायचे.

त्यांच्या छातीत अधूनमधून धडधड होई आणि ती आपोआप थांबे. यवतमाळला काढलेल्या ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा आजार, निघाले. गोळ्यांनी ते पुरते आवरेना, म्हणून २०२३ च्या दिवाळीनंतर एका मोठ्या खाजगी रुग्णालयात जांघेतून तार घालून अ‍ॅब्लेशन केले. रेडिओलहरींची उष्णता देऊन शिरांच्या तोंडाभोवती डाग दिले, असे आम्हांला सांगण्यात आले. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष बाबा उत्तम होते. सुट्टी देताना तिथल्या एका कनिष्ठ डॉक्टरांनी ‘आता आजार गेला’ असे सांगितले होते, त्यामुळे सहा महिन्यांनी आम्ही रक्त पातळ करण्याची गोळी बंद केली. ठोके लयीत ठेवण्यासाठी दिलेली अमिओडॅरॉनची एक गोळी मात्र तेव्हापासून आजतागायत रोज चालू आहे.

या पावसाळ्यापासून त्रास पुन्हा सुरू झाला. आईच्या लक्षात तो आधी आला. तिफणीच्या चाड्यावर नवखा हात असला की बी कुठे दाट पडते आणि कुठे विरळ, तशीच बाबांची नाडी माझ्या बोटांना लागते. दोन ठोके लागोपाठ येतात, मग एक मोकळी जागा, मग चार घाईचे. एकदा सुरू झाले की पाच-सहा तास चालते. दम लागतो, हात थरथरतात, झोप येत नाही. जेवण नेहमीसारखे असूनही तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरले. घरच्यांना वाटते, की काळजीने उतरले असावे.

नागपूरला पुन्हा दाखवले तेव्हा दुसऱ्यांदा अ‍ॅब्लेशन सुचवले गेले. त्यात तीन पर्याय सांगितले : पूर्वीसारखे उष्णतेचे, गोठवणाऱ्या फुग्याचे आणि ‘पल्स्ड फील्ड’ नावाचे नवे. तिसरे सर्वांत महाग आहे. त्यासाठी सोयाबीनचा सगळा पैसा घालून वर कर्ज काढावे लागेल. पैशाचे मी बघेन, परंतु नव्या तंत्राने आजार पुन्हा उलटणार नाही अशी खात्री असते का, आणि पहिल्या वेळी नेमके काय राहून गेले असावे, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

---

उत्तर : हिंगणघाट परिसरातील एक फिजिशियन

भाऊ, तुम्ही लक्षणे फार काळजीपूर्वक लिहिली आहेत आणि म्हणूनच काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. तंत्राकडे येण्याआधी दोन बाबी तातडीच्या आहेत. त्या या आठवड्यातच मार्गी लावा.

पहिली बाब रक्त पातळ करण्याच्या गोळीची. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदे, नीट आकुंचन पावत नाहीत, नुसती थरथरत राहतात. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा होतो. ही गोळी चालू ठेवायची की नाही, हे अ‍ॅब्लेशन यशस्वी झाले की नाही यावर ठरवत नाहीत. ते रुग्णाचे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा लकवा अशा जोखमींना गुण देऊन ठरते. रक्तदाब आणि मधुमेह मिळून तुमच्या बाबांचे दोन गुण आजच होतात आणि पुरुषाला दोन गुण असले की गोळी द्यावी असा मार्गदर्शक तत्त्वांचा स्पष्ट सल्ला आहे. दोन वर्षांनी पासष्टी गाठली की आणखी एक गुण वाढेल. म्हणून जवळच्या डॉक्टरांकडून मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या आणि गोळी त्यांच्याच सल्ल्याने लगेच पुन्हा सुरू करा. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेचा अहवालही नीट पाहून घ्या. लहानपणीच्या सांधेतापामुळे मायट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्या भागात अजूनही दिसतात. तसे असेल तर रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या चालत नाहीत. अशांना वॉरफॅरिन किंवा असिट्रॉम या जुन्या गोळ्या देऊन आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले ते दाखवणारा आकडा, मोजत राहावे लागते.

दुसरी बाब तुम्ही जाता जाता लिहिली आहे, पण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली तीच सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. जेवण तेवढेच असताना वजन उतरणे, हात थरथरणे, झोप उडणे आणि त्यात दीर्घकाळ अमिओडॅरॉन चालू असणे, हे एकत्र आले की थायरॉइडची तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. अमिओडॅरॉनच्या वजनातला एक-तृतीयांशाहून जास्त भाग आयोडीनच असतो. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन शरीरात जाते, तर थायरॉइडला दिवसाला त्याचा पाचशेवा भागही पुरतो. त्यामुळे काही रुग्णांत थायरॉइड मंदावते आणि काहींत ती बेफाम होते. बेफाम झालेली थायरॉइड एकटीच एट्रियल फिब्रिलेशन पेटवू शकते. तसे असेल तर कितीही महागड्या यंत्राने डाग दिले तरी मूळ आग तशीच राहील. टीएसएच, टी-थ्री आणि टी-फोर या थायरॉइडच्या रक्ततपासण्या करून घ्या. अमिओडॅरॉन मात्र आपल्या मनाने बंद करू नका. ते शरीरातून निघायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात आणि त्याच्या जागी काय द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायला हवे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. फ्रान्समधल्या बोर्दो येथील मिशेल हैसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की फुप्फुसातून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार शिरा डाव्या अलिंदाला जिथे मिळतात, तिथूनच बहुतेक रुग्णांत या अनियमित ठोक्यांची ठिणगी पडते. त्यांच्या ४५ रुग्णांत सापडलेल्या अशा केंद्रांपैकी ९४ टक्के या शिरांमध्ये होती. तेव्हापासून अ‍ॅब्लेशन म्हणजे मुख्यतः या शिरांच्या तोंडाभोवती डागांचे अखंड कडे तयार करणे, म्हणजे शिरेत ठिणगी पडली तरी ती अलिंदात पसरू नये. टिपेश्वरच्या जंगलात उन्हाळ्याआधी वनखाते जाळरेषा काढते, ती तुम्ही पाहिली असेल. रेषा मैलभर चोख असली आणि एका ठिकाणी हातभर गवत शिल्लक राहिले, तर आग तिथूनच पलीकडे जाते. पहिल्या अ‍ॅब्लेशननंतर आजार उलटतो त्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे. त्या दिवशी काही पेशी मेलेल्या नसतात, नुसत्या सुजून बधिर झालेल्या असतात. टेबलावर शीर पूर्ण बंद झालेली, म्हणजे तिच्यातून येणारी विजेची वाट अडलेली दिसते (रक्त वाहतच असते), पुढे सूज ओसरते, पेशी जाग्या होतात आणि वाट पुन्हा मोकळी होते. हा प्रत्येक वेळी शल्यकाराचा हलगर्जीपणा असतो असे नाही. पहिले दोन-तीन महिने तर डाग भरत असताना ठोके चुकतातच, म्हणून तेवढ्या काळातला त्रास आजार उलटल्यात धरत नाहीत. तुमच्या बाबांचे दीड वर्ष मात्र चांगले गेले होते, त्यामुळे मी थायरॉइडकडे अधिक संशयाने पाहते आहे.

गोठवणारा फुगा शिरेच्या तोंडाशी बसवून एकाच वेळी संपूर्ण कडे गोठवतो. २०१६ मध्ये ७६२ रुग्णांवर झालेल्या ‘फायर अँड आइस’ अभ्यासात उष्णता आणि फुगा परिणामाला सारखेच ठरले. पल्स्ड फील्ड पद्धत मुळातच वेगळी आहे. तिच्यात पेशी जाळायची नसते आणि गोठवायचीही नसते. मायक्रोसेकंदांपुरते अतितीव्र विद्युतक्षेत्र दिले की पेशींच्या आवरणाला कायमची भोके पडतात आणि त्या मरतात. हृदयस्नायूच्या पेशी याला लवकर बळी पडतात, तर शेजारची अन्ननलिका आणि श्वासपटलाची नस बऱ्याच प्रमाणात वाचते. या पद्धतीचा खरा लाभ हा आहे. १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत अन्ननलिकेला भोक पडल्याची एकही घटना नोंदली गेली नाही. परिणामाचे बोलायचे तर २०२३ च्या ‘अ‍ॅडव्हेंट’ अभ्यासात वर्षअखेर पल्स्ड फील्डचे ७३.३ टक्के आणि जुन्या उष्ण-थंड पद्धतींचे ७१.३ टक्के रुग्ण यशस्वी गटात होते. म्हणजे सुरक्षितता आणि वेळ यांत फायदा आहे, पण आजार पुन्हा न उलटण्याची खात्री तो देत नाही. शिवाय तो अभ्यास पहिल्यांदाच अ‍ॅब्लेशन करून घेणाऱ्यांचा होता. त्यातली टक्केवारी दुसऱ्या खेपेला जशीच्या तशी लागू करता येत नाही.

या टक्केवारीत आणखी एक मेख आहे आणि ती रुग्णांना कोणी सांगत नाही. अभ्यासांत ३० सेकंदांचे एकच फिब्रिलेशन नोंदले गेले तरी तो रुग्ण अपयशी धरतात. ‘सर्का-डोस’ या २०१९ च्या अभ्यासात सर्वांच्या त्वचेखाली सतत नोंद घेणारे छोटे यंत्र बसवले होते. या काटेकोर निकषावर जेमतेम निम्मेच रुग्ण यशस्वी ठरले, पण फिब्रिलेशनमध्ये जाणारा एकूण वेळ उष्णता आणि फुगा अशा सर्व गटांत ९८ टक्क्यांहून अधिक घटला होता. म्हणून ‘पुन्हा आले का’ एवढेच विचारून थांबू नका. महिन्याला किती तास येते आणि त्याने काय त्रास होतो, हे मोजा.

थायरॉइड पूर्ववत होऊनही त्रास राहिला आणि दुसरी प्रक्रिया करावी लागली, तर सुरुवातीला नकाशा काढून चारही शिरा बंद आहेत का ते पाहतील. एखादी उघडली असेल तर काम सोपे असते. तेवढी फट बुजवायची, आणि ती अनुभवी हाताने जुन्या रेडिओलहरींच्या तारेनेही उत्तम बुजते. चारही शिरा बंद असूनही फिब्रिलेशन येत असेल तर मात्र पुढे काय करायचे याचे पक्के उत्तर अजून शास्त्राकडे नाही. दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या फिब्रिलेशनमध्ये शिरांखेरीज आणखी रेषा मारून पाहिल्या, तेव्हा २०१५ च्या ‘स्टार एएफ दोन’मध्ये वाढीव लाभ दिसला नाही. २०२३ च्या ‘काप्ला’मध्ये अलिंदाची मागची भिंत वेगळी करूनही दिसला नाही. डाव्या अलिंदावरच्या मार्शल नावाच्या बारीक शिरेत अल्कोहोल सोडण्याचा २०२० चा ‘व्हीनस’ प्रयोग मात्र काहीसा आशादायक निघाला. तिथे यश ३८ वरून ४९ टक्क्यांवर गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेने विस्कळीत संदेशांच्या जागा शोधून तिथे डाग देण्याच्या पद्धतीचे निकालही अलीकडे चांगले आले आहेत. पण ही कामे फार थोड्या केंद्रांत होतात.

---

उत्तर : कॅथलॅब तंत्रज्ञ, मूळ वणीचा

मॅडमनी सांगितलेल्या वैद्यकीय भागात मी भर घालणार नाही. मात्र गेली अकरा वर्षे मी टेबलाच्या बाजूला उभा असतो, त्यामुळे या तीन पद्धती आत प्रत्यक्ष कशा दिसतात ते सांगू शकतो.

उष्णतेच्या पद्धतीत डॉक्टर बिंदूला बिंदू जोडत जातात. पडद्यावर अलिंदाचा रंगीत नकाशा असतो, त्यावर प्रत्येक डाग एकेका ठिपक्यासारखा उमटतो, आणि तारेचे टोक भिंतीवर किती ग्रॅम दाबाने टेकले आहे ते शेजारच्या आकड्यात दिसते. दाब कमी पडला तर डाग उथळ राहतो, जास्त झाला तर भिंतीला इजा होते. दोन ठिपक्यांत अंतर राहिले तर मॅडम म्हणाल्या ती हातभर फट तिथेच असते.

गोठवणाऱ्या फुग्याच्या वेळी माझे एक काम ठरलेले असते. उजव्या बाजूच्या शिरा गोठवताना शेजारून जाणारी श्वासपटलाची नस दुखावण्याचा धोका असतो, म्हणून त्या नसेला वरून हलके विद्युत झटके देत राहतात आणि मी रुग्णाच्या पोटावर, बरगडीच्या खाली, तळहात ठेवून उभा राहतो. प्रत्येक झटक्याला उचकीसारखा धक्का हाताला लागतो. तो जरा जरी मऊ लागला की मी ‘थांबा’ म्हणतो आणि डॉक्टर त्या क्षणी गोठवणे बंद करतात. इतकी यंत्रे असतात, तरी त्या दोन-तीन मिनिटांत सगळ्या खोलीचे लक्ष माझ्या तळहातावर असते.

पल्स्ड फील्डची सामग्री मी अलीकडे पाहतो आहे. त्यातली एक तार शिरेच्या तोंडाशी टोपलीसारखी आणि मग फुलासारखी उघडते. विजेचा मारा काही सेकंदांत होऊन जातो, पण त्या वेळी रुग्णाचे अंग उसळते, म्हणून गाढ झोप किंवा पूर्ण भूल लागते. साखर आणि रक्तदाब असलेल्या रुग्णाची भूलतज्ज्ञाकडून आधी नीट तपासणी झालीच पाहिजे. मारे जास्त दिले गेले तर काही रक्तपेशी फुटतात, लघवी लालसर होऊ शकते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून त्यानंतर पाणी आणि लघवी दोन्हींवर आम्ही लक्ष ठेवतो. बाबांच्या क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, आकडा डॉक्टरांना आधीच दाखवा.

भाऊ, एक काम आवर्जून करा. पहिल्या अ‍ॅब्लेशनचा प्रक्रिया-अहवाल मागा. सुट्टीच्या कागदावर फक्त ‘अ‍ॅब्लेशन केले’ एवढेच असते. प्रक्रिया-अहवालात कोणत्या शिरा बंद केल्या, शेवटी तपासून पाहिल्या का, आणखी कुठे डाग दिले, अलिंदाचा आकार किती होता, हे सगळे असते. दुसऱ्यांदा तार घालणाऱ्या डॉक्टरांना तो कागद फार उपयोगी पडतो. खर्चाचा अंदाजही लेखी घ्या, त्यात तारेची किंमत वेगळी लिहून घ्या, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती पद्धत बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा.

---

उत्तर : निवृत्त शिक्षक, वरूड

मी स्वतः या आजाराचा रुग्ण आहे आणि माझे अ‍ॅब्लेशन दोनदा झाले आहे, दोन्ही वेळा रेडिओलहरींचेच. दुसऱ्या वेळी डावीकडची एक शीर उघडलेली सापडली आणि ती बंद केल्यावर आज तीन वर्षे मी संत्र्याच्या बागेत रोज दोन तास काम करतो. महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या रात्री ठोके चुकतात, अर्ध्या तासात जागेवर येतात. त्याला मी आता भीत नाही.

मला एकच गोष्ट सांगायची आहे, कारण ती खेड्यात राहणाऱ्याला जिवावर बेतू शकते. उष्णतेने किंवा गोठवून अ‍ॅब्लेशन केल्यानंतर पहिल्या दोन महिन्यांत, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, ताप आला, गिळताना दुखू लागले, छातीत कळ आली किंवा अचानक बोलणे अडखळले, तर गावातल्या डॉक्टरांकडून तापाचे इंजेक्शन घेऊन बसू नका. अलिंद आणि अन्ननलिका यांच्यात भोक पडल्याची ती खूण असू शकते. हे अत्यंत विरळ आहे, पण झाले तर निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात. माझ्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितले होते, की अशा वेळी घशातून दुर्बीण अजिबात घालू द्यायची नाही, छातीचा सीटी स्कॅन करायचा आणि थेट ज्यांनी अ‍ॅब्लेशन केले त्यांच्याकडे जायचे. ते वाक्य मी एका कागदावर लिहून त्यांच्या फोन क्रमांकासह सौ.कडे आणि मुलाकडे दिले होते.

बाबांना तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची सवय असेल तर तीही सोडवा. मला चाळीस वर्षांची होती.

---

दारव्ह्याकडचा शेतकरी

आपण सर्वांनी एवढ्या मनापासून लिहिले, त्याबद्दल मी आणि आई आपले ऋणी आहोत. मॅडमचे उत्तर वाचून दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीने बाबांना यवतमाळला नेले. टीएसएच अगदी तळाला गेलेला आणि टी-फोर बराच वाढलेला निघाला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, की हा अमिओडॅरॉनचाच परिणाम दिसतो. ती गोळी त्यांनी थांबवली, ठोक्यांचा वेग आवरण्यासाठी दुसरी दिली आणि थायरॉइडच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी लिहिली. क्रिएटिनिन ठीक आहे, झडपही चांगली आहे, म्हणून रक्त पातळ करणारी अपिक्साबॅन त्याच संध्याकाळी सुरू झाली. अ‍ॅब्लेशनचा विचार थायरॉइडचे आकडे पूर्ववत होऊन काही काळ स्थिर राहीपर्यंत पुढे ढकलला आहे.

जुन्या रुग्णालयातून प्रक्रिया-अहवाल मिळायला दोन खेपा घालाव्या लागल्या, पण मिळाला. त्यात चारही शिरा बंद केल्याचे आणि शेवटी तपासल्याचे लिहिले आहे. डाव्या अलिंदाचा आकार ४२ मिलिमीटर आहे. खर्रा बाबा खातात, दिवसाला तीन. काल आईने पुडी हातातून काढून घेतली तेव्हा ते काही बोलले नाहीत.

ठोके अजून चुकतात. किती वाजता सुरू झाले, किती वेळ टिकले आणि तेव्हा नाडी किती होती, हे आता आई बियाण्याच्या कंपनीने दिलेल्या डायरीत रोज लिहून ठेवते. महिनाभराचे आकडे झाले की इथे मांडतो.